रस्ता कोणासाठी?

‘निर्बंध’ हा शब्दच मुळी आपल्याला आवडत नाही. घरात तो वडीलधाऱ्यांकडून येतो, महाविद्यालयात सूचनाफलकावरून येतो आणि रस्त्यावर तो लाल वर्तुळातल्या खुणेच्या रूपाने येतो. ‘प्रवेश बंद’, ‘एकेरी वाहतूक’, ‘वाहने उभी करू नयेत’ अशा पाट्या वाचल्या की प्रत्येकाच्या मनात पहिला विचार येतो तो एवढाच, की आता वळसा किती पडणार? हा निर्बंध कोणावर आहे, कोणासाठी आहे आणि तो नसता तर काय झाले असते, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही. मी भूगोलाची विद्यार्थिनी. नकाशात रस्ता म्हणजे दोन ठिकाणे जोडणारी एक रेघ, असे आम्ही शिकतो. पण महाविद्यालयात रोज सायकलने जाता-येताना आणि घरच्या कामासाठी पेठांमधून पायी हिंडताना मला असे वाटू लागले की ही रेघ काहींना जोडते आणि काहींना तोडते. त्या विचाराच्या मागे लागून जे वाचले, मोजले आणि पाहिले, ते या लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

आधी एक आकडा नजरेखालून घालावा. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ३२,८२५ माणसे पायी चालणारी होती. भागाकार केला तर रोजची ९० होतात. म्हणजे मराठीच्या तासाला भरलेला एक मोठा वर्ग, रोज. ही माणसे कोणाला धडकली नव्हती. त्यांना कोणीतरी धडकले होते. हा फरक लक्षात ठेवला म्हणजे पुढचे सारे समजायला सोपे जाते.

लाल निशाणापासून सुरुवात

यंत्राने चालणारे वाहन रस्त्यावर आले तेव्हा पहिला निर्बंध त्या वाहनावरच घातला गेला होता, हे आज सांगून खरे वाटणार नाही. इंग्लंडमध्ये १८६५ साली झालेल्या कायद्याने अशा वाहनाला गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात ताशी २ मैल एवढाच वेग ठरवून दिला होता. शिवाय वाहनाच्या पुढे ६० यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे, असेही बंधन होते. आज आपण या कायद्याला हसतो. पण त्यामागची समजूत हसण्यासारखी नव्हती. रस्ता चालणाऱ्यांचा आहे, तेथे नवा पाहुणा येतो आहे, तेव्हा सांभाळून येण्याची जबाबदारी पाहुण्याची, असा तो साधा न्याय होता.

पुढे पाहुणा घरमालक झाला. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस परिसरात एक पायी चालणारी स्त्री मोटारीखाली सापडून मृत्यू पावली. ब्रिटनमध्ये पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीने घेतलेला हा पहिला पादचारी बळी मानला जातो. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने असे पुन्हा कधी घडू नये, अशी आशा व्यक्त केली. आणि गंमत अशी, गंमत कसली, दैवदुर्विलास असा, की त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नवा कायदा अमलात येऊन मोटारींची वेगमर्यादा ताशी १४ मैलांवर गेली! त्यानंतर निर्बंधाचे तोंड हळूहळू फिरले. ‘वाहन हळू चालवा’ याऐवजी ‘रस्त्यात येऊ नका’ हे वाक्य जगभर रूढ झाले. रस्ता ओलांडणाऱ्याने दोन्ही बाजूंना पाहावे, हे आपण पहिलीच्या मुलाला शिकवतो. आणि ते शिकवलेच पाहिजे. पण ज्याच्या हातात सुकाणू आहे त्याने काय पाहावे, हे मात्र त्याला परवाना मिळाल्यावर कोणी पुन्हा विचारीत नाही.

वेगाचे अंकगणित

वाहतूक निर्बंधांचा मुख्य आधार वेग हा आहे. म्हणून कलाशाखेच्या वाचकांची क्षमा मागून मी थोडे अंकगणित मांडते. ते शाळेतल्या पदार्थविज्ञानापलीकडचे नाही.

समजा, रस्ता कोरडा आहे, ब्रेक उत्तम आहेत आणि चालक जागा आहे. अचानक एक मूल चेंडूमागे रस्त्यावर धावते. ते दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाला सुमारे १ सेकंद लागतो. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार त्या सेकंदात ८ मीटरच्या थोडी पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे ५ मीटरांत थांबते. एकूण अंतर झाले १३ मीटर. तीच मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने येत असेल तर त्या पहिल्या सेकंदातच ती जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ३० च्या वेगाची मोटार जेथे पूर्ण थांबली, तेथे ५० च्या मोटारीचा ब्रेक अजून लागलेलाही नाही! ती पुढे आणखी १४ मीटर जाऊन, एकूण २८ मीटरांवर थांबेल. १४ मीटरांवर उभ्या असलेल्या मुलाच्या दृष्टीने ३० आणि ५० यांतला फरक २० चा नसतो. वाचणे आणि न वाचणे असा तो फरक असतो.

दुसरे असे की वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. हे डोळ्यांसमोर आणायचे तर उंचीच्या भाषेत सांगता येईल. ताशी ३० किलोमीटर वेगाचा आघात म्हणजे सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून, म्हणजे एक मजला वरून, खाली पडणे. ताशी ५० चा आघात म्हणजे सुमारे दहा मीटरांवरून, तीन मजल्यांवरून पडणे. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीला कठडा नको, असे कोणी म्हणेल काय? मग वेगमर्यादेच्या पाटीला आपण अडथळा का म्हणतो? तीही कठडाच आहे.

सायकलस्वाराचे गणित याहून बोलके आहे. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल तिच्यावरच्या माणसासह ९० किलो वजनाची धरली आणि ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार १,००० किलोची धरली, तर मोटारीची ऊर्जा सायकलच्या सुमारे १२० पट भरते. अशा दोघांना एकाच पट्ट्यातून, एकाच नियमाने सोडणे याला समानता म्हणणे कठीण आहे.

जगभर आता हा हिशेब मान्य होऊ लागला आहे. जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात, तेथे वेग ताशी ३० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असे २०२० सालच्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने सुचविले. स्पेनने मे २०२१ पासून शहरातील, दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका असलेल्या रस्त्यांवर ही मर्यादा लागू केली. आपल्याकडे मात्र केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या अधिसूचनेप्रमाणे पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना ताशी ७० आणि मोटारसायकलींना ताशी ६० पर्यंत मुभा आहे. राज्य आणि स्थानिक अधिकाऱ्यांना ती कमी करता येते. पण कमी केलेली पाटी आपल्या पेठांतून किती ठिकाणी दिसते, हे वाचकांनी आपणच पाहावे.

एकेरी रस्ता, दुहेरी परिणाम

आता पुण्याकडे वळते. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. वडीलधारी मंडळी सांगतात की तेव्हा निर्बंधही सायकलींवरच असत. रात्री दिवा नसला की पोलीस अडवी, डबलसीट बसले की अडवी, आणि पालिकेचा बिल्लाही सायकलला लावावा लागे. पुढे स्कूटरी आल्या, मोटारसायकली आल्या, मोटारी आल्या. रस्ते मात्र पेशवाईतल्या पेठांचेच राहिले. तेव्हा पोलिसांनी जो उपाय केला तो एकेरी वाहतुकीचा. शिवाजी रस्त्याने स्वारगेटकडे जायचे आणि बाजीराव रस्त्याने शनिवारवाड्याकडे यायचे, ही जोडी पुणेकरांच्या अंगवळणी पडून किती वर्षे झाली, हे सांगायला जुनाच माणूस हवा.

एकेरी वाहतुकीचा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. समोरासमोरची टक्कर टळते, चौकातली गुंतागुंत कमी होते आणि पायी चालणाऱ्याला एकाच दिशेकडे पाहावे लागते. पण तिचे दुसरे अंगही आहे. समोरून कोणी येणार नाही, ही खात्री झाली की चालकाचा पाय सैल सुटतो. दोन्ही दिशांची वाहने एकमेकांना जो लगाम घालीत, तो नाहीसा होतो. वाहनांचा लोंढा तुटत नाही आणि रस्ता ओलांडणारा काठावर उभा राहतो, जसा पुराच्या वेळी नदीकाठी उभा राहावा तसा.

सायकलस्वाराचे दुखणे निराळेच. मोटारीला अर्धा किलोमीटरचा वळसा म्हणजे एक मिनिट. सायकलला तोच वळसा म्हणजे दोन-तीन मिनिटांची दमछाक आणि आणखी दोन गर्दीचे चौक. म्हणून पुष्कळ जण उलट दिशेने सायकल हाकतात. ते बेकायदा आहे आणि धोक्याचेही आहे, यात शंका नाही. समोरच्या चालकाला तिकडून कोणी येईल ही अपेक्षाच नसते. पण ज्या नियमाला रोज शेकडो माणसे मोडतात, तो नियम करणाऱ्याने एकदा तरी सायकलवर बसून पाहिला होता का, असे विचारावेसे वाटते.

या प्रश्नाला उत्तर आहे. नेदरलँड्समध्ये ‘प्रवेश बंद’ या खुणेखाली एक लहान पाटी असते: सायकली वगळून. फ्रान्सने २००८ पासून ताशी ३० किलोमीटर मर्यादेच्या विभागांतले एकेरी रस्ते सायकलींसाठी सर्वसाधारणपणे दुहेरी केले. वेग कमी असल्याने समोरासमोर येणाऱ्यांना एकमेक दिसतात, आणि रस्त्यावर आखलेला पट्टा मोटारचालकाला आगाऊ सांगतो की समोरून सायकल येणार आहे. म्हणजे निर्बंध काढायचा नाही; तो ज्याच्यासाठी आहे त्याच्यावर ठेवायचा आणि ज्याच्यावर चुकून पडला आहे त्याच्यावरून उचलायचा.

निर्बंध उलटा पडला की काय होते, याचे उदाहरण कोलकात्याचे आहे. तेथील पोलिसांनी २०१३ साली १७४ रस्त्यांवर सायकलींनाच बंदी घातली. कारण असे दिले गेले की सायकलींमुळे वाहतूक मंदावते! दूधवाले, वर्तमानपत्रे टाकणारे, कारागीर, ज्यांची भाकरी दोन चाकांवर चालते अशांनी निषेध केला आणि पुढे ही यादी आखडती घ्यावी लागली. ‘वाहतूक’ या शब्दात सायकल धरलीच जात नाही, हे त्या एका आदेशातून उघड झाले. जो कोणाला मारीत नाही त्यालाच रस्त्याबाहेर काढणे, हा रोग्याला घराबाहेर काढून घर निरोगी करण्यातला प्रकार झाला.

कायदा काय म्हणतो?

कायदा आपल्या बाजूने नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी वा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर मोटारींना बंदी वा बंधन घालण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहे. कलम ११२ प्रमाणे वेगमर्यादा कमी करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ तर असे सांगते की रस्त्याचा आराखडा, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार अधिकारी, कंत्राटदार वा सल्लागार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले.

पदपथ कसा असावा, हेही लिहून ठेवलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेप्रमाणे त्यावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा हवी आणि त्याची उंची रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. १.८ मीटर का? तर चाकांच्या खुर्च्या समोरासमोर आल्या तरी एकमेकींजवळून जाव्यात म्हणून. आता आपल्या घराजवळच्या पदपथावर जाऊन टेपने मोजा. वीजपेटी, झाडाचा पार, दुकानाची पायरी, उभी केलेली मोटारसायकल आणि उखडलेल्या फरश्या वजा करून जे उरेल, ते मोजा.

माझी आजी शहात्तर वर्षांची आहे. मंडईत जाणे हा तिचा आनंद होता. आता ती जात नाही. गुडघ्यांमुळे नव्हे, चालणे तिला जमते. तिला जमत नाही ते रस्ता ओलांडणे. मी एकदा घड्याळ लावून पाहिले. सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे धरण्याची पद्धत आहे. १४ मीटर रुंद रस्त्याला त्या हिशेबाने सुमारे १२ सेकंद पुरतात. आजी सेकंदाला पाऊण मीटरहून थोडी अधिक, म्हणजे ०.८ मीटर चालते. तिला साडेसतरा सेकंद हवेत. बारा सेकंद संपतात तेव्हा ती पलीकडच्या काठापासून चार मीटरांहून अधिक दूर, रस्त्यात उभी असते आणि दुचाक्या सुटलेल्या असतात. “अगं, रस्ता ओलांडण्याइतकी मी तरुण राहिले नाही,” असे ती हसून म्हणते. त्या हसण्यात मला गंमत वाटत नाही. साडेपाच सेकंदांसाठी एका माणसाची मंडई, देऊळ आणि मैत्रिणी सुटल्या आहेत. अपघातांच्या आकड्यांत अशी माणसे कोठेच येत नाहीत, कारण ती घरात सुरक्षित असतात.

इतरांनी काय केले?

कोणी म्हणेल, हे सारे युरोपात ठीक आहे. तेथील लोक जात्याच शिस्तीचे. हा समज इतिहासाला धरून नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तो देशही तेव्हा सायकलींचे मार्ग बुजवून मोटारींसाठी रस्ते रुंद करीत होता. १९७२ साली एका पत्रकाराने, ज्याची स्वतःची मुलगी अपघातात गेली होती, ‘बालहत्या थांबवा’ या अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. त्यातून आईबापांची चळवळ उभी राहिली. माणसे रस्त्यांवर बसली, मुलांनी रस्त्यांवर खेळ मांडले. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने मोटारींशिवायचे रविवार जाहीर केले, तेव्हा लोकांना आपलेच रस्ते नव्याने दिसले. १९७६ साली वस्तीतल्या अशा रस्त्यांना कायद्याने स्थान मिळाले, जेथे वाहनाने माणसाच्या चालीनेच गेले पाहिजे. २०२३ साली त्या देशात रस्त्यांवर ६८४ मृत्यू झाले. शून्य नव्हे, पण पन्नास वर्षांत पाचव्या हिश्श्यावर आले, आणि तेही लोकसंख्या वाढलेली असताना.

कोपनहेगनचा स्ट्रोएट हा बाजाररस्ता १९६२ च्या नोव्हेंबरात मोटारींना बंद झाला तेव्हा आपला धंदा बसणार, अशी भीती दुकानदारांना होती. तो रस्ता आज त्या शहराचा गजबजलेला बाजार आहे. दिल्लीत लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतचा चांदनी चौक २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंद आहे. आपल्या माथेरानला तर मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात, आणि त्यामुळे तेथे जाणारे कमी झालेले नाहीत. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून ‘पादचारी दिन’ साजरा केला आणि पुढील वर्षांतही तो पाळला. एरवीही गणेशविसर्जनाला हाच रस्ता वाहनांशिवाय दीड-दोन दिवस चालतो आणि शहर बुडत नाही!

तरीही आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. एक रस्ता बंद केला की शेजारच्या गल्ल्या तुंबतात, हे खरे आहे. म्हणून बंदी एकट्या रस्त्यावर न घालता भोवतालच्या भागाचा, वाहनतळांचा आणि बसगाड्यांचा विचार आधी करावा लागतो. रुग्णवाहिका आणि अग्निशामक दलाला वाट मोकळी असलीच पाहिजे. मालाच्या गाड्यांना सकाळची वेळ ठरवून देता येते. अपंगांच्या वाहनांना सवलत हवी. माथेरानमध्ये माणसांनी ओढायच्या रिक्षांचा भार कमी व्हावा म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू करावा लागला. निर्बंधाचे ओझे शेवटी कोणाच्या खांद्यावर जाते, हे पाहिले नाही तर चांगला नियमही अन्याय करतो, हा त्यातला धडा. आणि पदपथावरील फेरीवाला हाही पायी चालणाऱ्यांच्याच जगातला माणूस आहे. त्याला हाकलून नव्हे, आखून दिलेल्या जागी बसवूनच पदपथ मोकळा होईल.

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकांना लवकरच परवाना मिळेल, काहींना मिळालाही आहे. गाडी घेऊ नका, असे सांगण्याचा माझा अधिकार नाही आणि हेतूही नाही. पण चार गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. झेब्रा पट्ट्यांच्या आधी थांबावे. तेथे पादचाऱ्याला वाट देणे हा उपकार नसून नियम आहे. पदपथावर गाडी चढवू नये, उभीही करू नये. सायकलला मागे लाल दिवा वा परावर्तक आणि पुढे पांढरा दिवा लावावा, कारण संध्याकाळी न दिसणारी सायकल चालकाच्या दृष्टीने नसतेच. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: मोजावे. आपल्या महाविद्यालयासमोर रस्ता ओलांडायला किती सेकंद मिळतात आणि किती लागतात, पदपथ किती रुंद उरला आहे, कोणत्या वळणावर माणसे अडतात, हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी आठवडाभर नोंदवले, तर तो कागद घेऊन प्रभाग कार्यालयात आणि वाहतूक शाखेत जाता येईल. तक्रारीला उत्तर न देणारा अधिकारीही मोजमापाला उत्तर देतो, निदान ते टाळणे त्याला कठीण जाते.

रस्ता म्हणजे केवळ पोहोचण्याचे साधन नव्हे. शहरात ज्यांची एकमेकांशी ओळख नाही, अशी माणसे रोज जेथे भेटतात अशी ती एकमेव जागा आहे. तेथे बलवानाने थांबावे आणि दुबळ्याने पुढे जावे, एवढी व्यवस्था करता आली तर तिला निर्बंध म्हणा, नियम म्हणा, की रीतभात म्हणा. आपल्या घरांत दारातून आत जाताना आपण आधी म्हाताऱ्या माणसाला वाट देतो. तेथे पाटी लावलेली नसते.